ग्राहकसेवेत यायचंय? आधी एक अडकलेलं काम तडीस नेऊन बघा

पुण्यात खराडीला एका बँकेच्या फोन बँकिंग विभागात मी बारा वर्षं मराठी डेस्कवर, म्हणजे मराठीत बोलणाऱ्या ग्राहकांचे फोन घेणाऱ्या गटात, होते. त्यातली शेवटची सहा वर्षं नव्या मुलामुलींना शिकवण्यात गेली. प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी मी विचारायचे, "या कामाला कसा माणूस लागतो?" गोड बोलणारा, हसतमुख, चटपटीत, अशी उत्तरं यायची. पण गोड बोलणारे कितीतरी जण तीन महिन्यांत सोडून गेलेले मी पाहिले. सांगलीकडची एक मुलगी होती. वर्गात तिच्या तोंडातून शब्द फुटत नसे, मात्र कुणाचे पैसे अडकले की ते सुटेपर्यंत तिला चैन पडत नसे. दीड वर्षात सगळ्यात अवघड तक्रारी तिच्याकडेच जायला लागल्या.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. या कामाचा मुख्य गुण म्हणजे दुसऱ्याचं अडलेलं काम आपलं मानून तडीस नेणं. आवाज, भाषा, संयम हे सगळं त्याच्या मागून येतं आणि शिकता येतं. ते कसं, हे क्रमाने सांगते. उदाहरणं बँकेची आहेत, कारण मला तेच काम ठाऊक आहे. वीज, मोबाइल, विमा किंवा ऑनलाइन खरेदीच्या डेस्कवर नियम बदलतात, बाकी माणसं तीच.

पायरी पहिली : अर्ज करण्याआधी घरातलं एक काम घ्या

प्रत्येक घरात एखादं काम रखडलेलं असतं. लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर येतं, आधार आणि पासबुकावरची नावं जुळत नाहीत, मावशीची गॅस जोडणी दुसऱ्या गावी न्यायची राहिली आहे. असं एक काम निवडा. अट एवढीच की ते तुमचं स्वतःचं नसावं. एका वहीत तारीख, कुणाशी बोललात, काय सांगितलं आणि तक्रार क्रमांक लिहीत जा. काम पूर्ण होईपर्यंत सोडायचं नाही.

दोन-तीन आठवडे लागतील. त्या काळात स्वतःकडे बारकाईने बघा. तिसऱ्यांदा "साहेब आज नाहीत" ऐकल्यावर तुम्ही काय केलंत? चिडून वही मिटलीत, की दुसरा रस्ता शोधलात? त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मधल्या दिवसांत मावशीला स्वतःहून सांगितलंत का, की अमुक झालंय, तमुक व्हायचंय? बरेच जण काम करतात, पण वाट बघणाऱ्याला काही कळवत नाहीत. ग्राहक सगळ्यात जास्त चिडतो तो याच शांततेवर. आणि या कामापायी तुम्ही स्वतः काउंटरच्या पलीकडे उभे राहिलेले असता. ती आठवण पुढे फार उपयोगी पडते.

हे काम करताना तुम्हाला नुसताच वैताग आला, काम झाल्यावर जरासुद्धा बरं वाटलं नाही, तर दुसरं क्षेत्र बघा. त्यात कमीपणा काहीच नाही. हिशेब, डिझाइन, कोडिंग, कितीतरी कामं आहेत जिथे दिवसाला पन्नास अनोळखी माणसांची अडचण अंगावर घ्यावी लागत नाही.

पायरी दुसरी : प्रश्नाच्या मागचा प्रश्न ऐका

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे.

एका डिसेंबरात एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. "पासबुकात एंट्री होत नाही." आमच्या नव्या मुलाने नम्रपणे सांगितलं की शाखेत पासबुक छापायचं यंत्र आहे, तिथे बारकोड लावून घ्या. कॉल दीड मिनिटात संपला, गुणही चांगले मिळाले. दोन दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन. या वेळी दुसऱ्या मुलीने शाखेची वेळ सांगितली. तिसरा फोन त्या सांगलीच्या मुलीकडे गेला. तिने विचारलं, "काका, पासबुकात तुम्हाला नेमकं काय बघायचं आहे?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "पेन्शन आलं का ते."

पेन्शन आलंच नव्हतं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा राहून गेला होता आणि त्यामुळे पेन्शन थांबलं होतं. यंत्र व्यवस्थित चालू होतं, छापण्यासारखं काही नव्हतं. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला "माझे पैसे आले नाहीत" असं परक्या पोरांना सांगणं जड गेलं असणार. म्हणून ते पासबुकाच्या आडून विचारत होते. तिने त्यांना घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, कसा देता येतो ते समजावलं, शेजारच्या मुलाला फोनवर घेऊन त्यासाठी लागणारं, चेहरा ओळखणारं आधार फेस आरडीचं ॲप उतरवायला लावलं, आणि ऐंशी वर्षं पूर्ण झाल्यावर दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, हेही जाता जाता सांगून ठेवलं. हा कॉल चौदा मिनिटं चालला.

पहिल्या दोघांनी चूक काही सांगितलं नव्हतं. त्यांनी शब्द ऐकले, माणूस ऐकायचा राहिला.

याचा सराव घरी होतो. कुणालाही त्याची एखादी खरी तक्रार दोन मिनिटं सांगायला सांगा. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, "माझंही असंच झालं होतं" हे तर मुळीच नाही. मग त्याची अडचण दोन वाक्यांत त्यालाच परत सांगा. तो "हो, अगदी हेच" म्हणाला तर जमलं. "तसं नाही गं" म्हणाला तर पुन्हा. आठवडाभर रोज एकदा करा. पहिल्या दिवशी कळेल की आपण ऐकत नव्हतो, आपली बोलायची पाळी कधी येते याची वाट बघत होतो.

पायरी तिसरी : मुलाखत

इथे थोडक्यात सांगते. "मला लोकांशी बोलायला आवडतं" हे वाक्य मुलाखत घेणाऱ्याने सकाळपासून वीस वेळा ऐकलेलं असतं. त्याऐवजी पहिल्या पायरीवरची वही डोळ्यांसमोर आणा आणि ते काम सांगा: कुठे अडलं, काय केलं, कसं सुटलं. आवाजाच्या चाचणीत खोटा उच्चार काढू नका. तुमचा गावाकडचा हेल चालतो, अस्पष्ट बोलणं चालत नाही.

दोन गोष्टी मात्र आधीच विचारून घ्या. शिफ्ट कोणती, आणि रात्रीची असेल तर घरी सोडायची सोय काय. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची व्यवस्था मालकाने करायची असते. हे विचारणाऱ्या मुलीला कुणी आगाऊ समजत असेल, तर ती जागा तिच्यासाठी बरी नाही. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी अनामत किंवा ट्रेनिंगची फी मागितली, तर तिथून उठा.

पायरी चौथी : धीर नियमांतून येतो

नव्या मुलांना वाटतं शांत राहणं हा स्वभाव आहे. थोडाफार असेलही. पण मी पाहिलंय की घाबरा माणूससुद्धा नियम पक्के झाले की शांत होतो, कारण समोरचा ओरडत असताना त्याच्याकडे द्यायला काहीतरी ठोस असतं.

एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून कापले गेले, हा कॉल तुम्हाला पहिल्याच आठवड्यात येणार. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत ते पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न बघता. हे माहीत नसलेला मुलगा म्हणतो, "सर, प्रोसेसमध्ये आहे." माहीत असलेला म्हणतो, "व्यवहार सोमवारचा आहे, शनिवारपर्यंत पैसे यायला हवेत. नाही आले तर रोजचे शंभर रुपये तुम्हाला मिळायला हवेत. मी तक्रार आत्ताच नोंदवतो." दोघांच्या आवाजातला फरक ग्राहकाला पहिल्या वाक्यात कळतो.

आणि इथे प्रामाणिकपणाची परीक्षा आहे. ग्राहकाच्या बाजूचा नियम त्याने विचारला नाही तरी सांगायचा. काही जणांना वाटतं याने कंपनीचं नुकसान होतं. मला तसं कधीच वाटलं नाही. जे त्याचं आहे ते त्याला सांगणं हे आपल्या पगारातच धरलेलं आहे.

फसवणुकीच्या कॉलला तर मिनिटं मोजायची असतात. "माझे पैसे गेले हो" म्हणत माणूस रडत असतो आणि सगळी हकीकत सांगू पाहतो. आधी कार्ड आणि खात्याचे ऑनलाइन व्यवहार बंद करा, मग हकीकत ऐका. त्याने स्वतः ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्या अंगावर पडतं, कळवल्यानंतरचं बँकेच्या. चूक त्याचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर २०१७ च्या नियमानुसार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास त्याच्यावर काहीच भार येत नाही. शेवटी १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायला सांगा. आणि "असा कसा ओटीपी दिलात?" हा प्रश्न ओठांवर आला तरी गिळून टाका. तो प्रश्न तो स्वतःला रात्रभर विचारणारच आहे.

पायरी पाचवी : महाराष्ट्राची मराठी शिका

तुम्ही मराठी आहात म्हणजे मराठी डेस्क सोपा, असं नाही. गोंदियाचा माणूस म्हणेल, "मले सांगा, पैसे काहून कटले?" धुळ्याकडचे आजोबा निम्मं अहिराणीत बोलतील. कोल्हापूरची बाई सहज म्हणेल, "मी बोलतो की," आणि ओळख पडताळताना तुम्ही बुचकळ्यात पडाल. तिकडे कित्येक घरांत बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. त्यावरून संशय घेऊ नका, पडताळणीचे प्रश्न आहेत ते विचारा. कुणी तुम्हाला एकदम "अरे" म्हणेल. तो अपमान नसतो.

आकडे ही वेगळीच कसरत. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी: खराब नेटवर्कवर यातला कुठलाही आकडा दुसऱ्यासारखा ऐकू येतो. म्हणून खाते क्रमांक आणि रक्कम एकेक अंक सुटा करून परत म्हणा, "पाच, नऊ." इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलांची अडचण दीड, अडीच, सव्वा, पावणेदोनला होते. एका मुलाने "पावणेदोन हजार" ऐकून दोन हजार लिहिले आणि तक्रार चुकीच्या व्यवहारावर गेली. पावणेदोन हजार म्हणजे १,७५०. कळलं नाही तर विचारा, "म्हणजे सतराशे पन्नास ना?" विचारणाऱ्याला ग्राहक हसत नाही.

आणि छापील मराठी सोडा. "आपली विनंती नोंदविण्यात आलेली आहे" म्हणू नका. "तुमची तक्रार मी लिहून घेतली आहे" म्हणा. पहिल्या वाक्यात काम कुणी केलं तेच कळत नाही. दुसऱ्या वाक्यात तुम्ही आहात. नात्याचे शब्द मात्र ग्राहकावर सोडा. त्याने "पोरी" म्हटलं तर "काका" शोभतं. त्याने व्यवहारापुरतं बोलायचं ठरवलं असेल, तर "तुम्ही" आणि आडनावापुढे "साहेब" किंवा "ताई" पुरे.

पायरी सहावी : राग पोचू द्या

चिडलेला ग्राहक तुमच्यापर्यंत येईपर्यंत "मराठीसाठी दोन दाबा" करत, तेच संगीत ऐकत दहा मिनिटं ताटकळलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्याने तीच हकीकत आधी दोघांना सांगितलेली असते. पहिलं अर्धं-पाऊण मिनिट त्याला बोलू द्या. मध्ये फक्त "हं", "बरं", म्हणजे तुम्ही आहात हे त्याला कळेल. "शांत व्हा" म्हणू नका. मी आजवर या दोन शब्दांनी कुणी शांत झालेला पाहिला नाही.

मग त्याच्या रागाचं कारण नावानिशी बोलून दाखवा: "बारा तारखेपासून तुम्ही चार वेळा फोन केलाय आणि एकदाही परत फोन आला नाही. चुकलंय आमचं." सरसकट "गैरसोयीबद्दल क्षमस्व" याने काही होत नाही, कारण त्यात त्याची गैरसोय कुठे दिसतच नाही.

पण राग वेगळा आणि शिवीगाळ वेगळी. आई-बहिणीवरून शिव्या सुरू झाल्या की एकदा स्पष्ट सांगा, "अशी भाषा राहिली तर मला कॉल बंद करावा लागेल," आणि पुढची रीत तुमच्या कंपनीने ठरवली असेल तशी पाळा. सहन करत राहणं हा या कामाचा गुण नाही. असा कॉल झाल्यावर लगेच पुढचा उचलू नका. टीम लीडरला खूण करा, दोन मिनिटं उठा, पाणी प्या. नाहीतर त्या माणसाचा राग तुम्ही पुढच्या आजीवर काढता. माझ्याकडून एकदा तसं झालं. त्या आजींनी हळूच "राहू दे बाळा" म्हणून फोन ठेवला होता. ते अजून ऐकू येतं.

पायरी सातवी : "नाही" सांगायला शिका

आपल्याकडे "नाही" म्हणणं जड जातं. "बघू", "होऊन जाईल", "प्रयत्न करते", हे आपले लाडके शब्द, आणि ग्राहक त्यांचा अर्थ "हो" असा घेतो. आठवड्याने तो परत येतो तेव्हा फसवला गेल्यासारखा येतो.

वडील रुग्णालयात आहेत, मुलगा त्यांच्या खात्यातली शिल्लक विचारतोय. मन म्हणतं सांगून टाकावं. सांगायचं नाही. त्याच खोट्याने कुणीतरी कुणाचं खातं रिकामं करतं. पण नुसतं "नियमात बसत नाही" म्हणून थांबू नका. "खात्याची माहिती मला फक्त त्यांनाच देता येते. ते दोन शब्द बोलू शकतील का? नसतील, तर शाखा व्यवस्थापकांना भेटा. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदारासाठी बँकेची वेगळी पद्धत असते, ती ते सांगतील." दार बंद करताना दुसरं दार कुठे आहे ते दाखवायचं.

लोकपालाबद्दलही असंच. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर ग्राहक रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो. २०२१ च्या नोव्हेंबरपासून देशभर एकच योजना आहे आणि तक्रारीला पैसे लागत नाहीत. नवी मुलं हा शब्द निघाला की घाबरतात. कुणी विचारलं तर सरळ सांगा. तो त्याचा हक्क आहे, तुमच्यावरची धमकी नव्हे.

पायरी आठवी : पुढच्या माणसासाठी लिहा

या गुणाबद्दल कुणीच बोलत नाही, आणि मी बॅच निवडताना सगळ्यात आधी हाच बघायचे. कॉल संपल्यावर तिकिटावर, म्हणजे त्या तक्रारीच्या संगणकातल्या नोंदीवर, दोन ओळी लिहायच्या असतात. घाई असते, पुढचा कॉल डोक्यावर असतो. मग लिहिलं जातं, "कस्टमर अँग्री, इश्यू सेम." उद्या हा ग्राहक तुमच्या सहकाऱ्याकडे गेला की बिचाऱ्याला पुन्हा अथपासून सांगावं लागणार.

असं लिहा: "४ तारखेला नाशिकरोडच्या दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर ५,००० कापले, रोख मिळाली नाही. पावती आहे. आधी दोन कॉल झाले. ९ तारखेपर्यंत परत यायला हवेत असं सांगितलंय. १० तारखेला दुपारी चारनंतर फोन करायचं कबूल केलंय, सकाळी शेतावर असतात." यात ग्राहकाला पुन्हा विचारण्यासारखं काही उरत नाही.

आणि "फोन करते" म्हटलं की वहीत तारीख, वेळ. काम झालं नसलं तरी त्या वेळेला फोन करायचाच: "अजून झालेलं नाही, गुरुवारी पुन्हा कळवते." एवढ्या एका सवयीने माझ्या डेस्कवरच्या कितीतरी तक्रारी चिघळण्याआधीच निवल्या.

सरासरी वेळेचा प्रश्न

प्रत्येक कॉल सरासरी किती मिनिटांत संपावा याचं लक्ष्य तुमच्या समोरच्या पडद्यावर चमकत असतं. नवीन माणूस त्याने दबतो. मला वाटतं, हे लक्ष्य पाळायची जागा साध्या कॉलमध्ये आहे. शिल्लक विचारणारा, चेकबुक मागणारा, यांचे कॉल नीटनेटके आणि आटोपशीर ठेवा. वाचलेली मिनिटं त्या निवृत्त शिक्षकांसारख्या कॉलसाठी वापरा. टीम लीडरने विचारलं तर तिकीट दाखवा: दीड-दीड मिनिटाच्या दोन कॉलांनी जे झालं नाही ते चौदा मिनिटांच्या एका कॉलने झालं, आणि चौथा फोन आला नाही. समजूतदार लीडरला हे पटतं.

घसा सांभाळा. फ्लोअरच्या एसीत गार पाणी नको, साधं प्या. हेडसेटचा आवाज गरजेपुरता ठेवा, आणि मधूनमधून कान बदला.

पहिले तीन-चार महिने एकच प्रश्न दिवसात पंचवीस वेळा ऐकून कंटाळा येईल. तेव्हा एवढं लक्षात ठेवा की तुमचा तो पंचविसावा असला तरी त्याचा पहिलाच आहे. वर्ष पूर्ण झाल्यावर तक्रार निवारण कक्ष, क्वालिटी (म्हणजे कॉल तपासणं), ट्रेनिंग अशा जागा उघडतात. तिथल्या निवडीत तुमचे जुने कॉल ऐकले जातात आणि तिकिटांवरच्या नोंदी वाचल्या जातात. सांगलीच्या त्या मुलीची निवड करताना समितीपुढे मी तिच्या नोंदींची वीस पानं ठेवली होती. पंधराव्या पानावर त्या शिक्षकांची नोंद होती, आणि खाली तिने महिन्याभराने जोडलेली एक ओळ: "पेन्शन जमा. काकांना फोन करून कळवलं."